कुरकुंभची रसायने, रांजणगावची यंत्रे आणि 2005 चा कायदा

चीनमधून कराचीकडे निघालेले ‘सीएमए सीजीएम अटिला’ हे मालवाहू जहाज 23 जानेवारी 2024 रोजी न्हावाशेवा बंदरात अडविण्यात आले. जहाजावरील एका मालात इटालियन बनावटीचे सीएनसी यंत्र होते व त्याचे वजन सुमारे 22 टन होते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या तज्ज्ञांनी यंत्राची तपासणी केली. क्षेपणास्त्रांचे भाग घडविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, असे त्यांचे मत पडले आणि माल जप्त झाला. हे तर मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या खाजगी कारखान्यासाठी मागविलेले साधे लेथ यंत्र आहे, असा खुलासा पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याने केला.

कोणाचे म्हणणे खरे, याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र शिरूर तालुक्यातील आमच्या वाचकांनी हा खुलासा पुन्हा एकदा वाचावा, असे आम्हांस वाटते. मोटारींचे सुटे भाग करणारी सीएनसी यंत्रे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ओळीने उभी आहेत. आपल्या कुटुंबांतील कित्येक तरुण आयटीआय करून त्याच यंत्रांवर पाळ्या करतात. ज्या यंत्रावर घरची चूल पेटते, त्याच जातीचे यंत्र बंदरात ‘संहाराचे साधन’ म्हणून जप्त होते! या दुहेरीपणावरच आपल्या देशाचा एक कायदा उभा आहे. त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही, यास्तव हा लेखनप्रपंच.

‘सर्वसंहारक शस्त्रे व त्यांच्या वहनप्रणाली (बेकायदा कृत्यांस मनाई) अधिनियम’ संसदेने 2005 मध्ये संमत केला. त्याची पार्श्वभूमी शेजारच्या देशातील होती. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी अण्वस्त्रांचे तंत्रज्ञान लीबिया, इराण व उत्तर कोरियास पुरविल्याचे 2004 च्या आरंभी उघड झाले. त्याच वर्षी 28 एप्रिल रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1540 क्रमांकाचा ठराव केला. अशी शस्त्रे दहशतवादी वा अन्य बिगरसरकारी हातांत पडू नयेत म्हणून प्रत्येक राष्ट्राने स्वतःचा कायदा करावा, असे बंधन त्या ठरावाने घातले. तोवर हा विषय राष्ट्राराष्ट्रांतील करारांपुरता होता. आता तो व्यापारी, दलाल, वाहतूकदार व कारखानदार यांच्या दारापर्यंत आला.

अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक अस्त्रे आणि ती वाहून नेणारी क्षेपणास्त्रे ही सर्व या कायद्याच्या कक्षेत येतात. अशी शस्त्रे बेकायदा बनविणे, मिळविणे वा बाळगणे यासाठी किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परवान्याविना निर्यात केल्यास पहिल्या खेपेस तीन ते वीस लाख रुपयांचा दंड व पुन्हा केल्यास कारावास सांगितला आहे. परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकासही हा कायदा लागू राहतो, हे आखातात नोकरीस असलेल्यांच्या घरच्यांनी ध्यानी ठेवावे.

कायद्यातील सर्वांत कठोर तरतूद मात्र थोडी आडबाजूला आहे. सरकारने ‘स्कोमेट’ या नावाने विशेष रसायने, जीवाणू, सामग्री, उपकरणे व तंत्रज्ञान यांची एक यादी केली आहे. त्या वस्तूंच्या निर्यातीस परवाना लागतो. परंतु एखादी वस्तू यादीत नाही म्हणून निर्यातदार मोकळा सुटत नाही. ती अशा शस्त्राच्या निर्मितीसाठी वापरली जाणार आहे हे त्यास ठाऊक असेल, तर यादीबाहेरच्या साध्या वस्तूची निर्यातही गुन्हा ठरते. तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे. नकाशा, आराखडा, संगणक-प्रणाली हेही त्यात येतात. पूर्वी चोरट्या मालासाठी ट्रक लागत असे, आज ईमेलची एक कळ पुरते. शिवाय गुन्हा कंपनीचा असेल, तर कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. आपणांस माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे तिने सिद्ध करावयाचे असते. मोठ्या उद्योगांकडे यासाठी वकील असतात. दोन-तीन यंत्रे टाकून जॉबवर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपवाल्याला आपला माल तिसऱ्या-चौथ्या हाताने कोठे पोहोचतो, हे क्वचितच कळते. ही विषमता आम्हांस खटकते.

आता दौंड तालुक्याकडे वळू. पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभची औद्योगिक वसाहत मुख्यत्वे रसायनांची आहे. रसायनांसाठी भारताने आधीच, म्हणजे 2000 मध्ये, वेगळा कायदा केला. रासायनिक अस्त्रे बंदी करारावर भारताने 1993 मध्ये स्वाक्षरी केली व 1996 मध्ये त्यास मान्यता दिली. करार लागू झाल्यावर भारताने आपल्याजवळ असा साठा असल्याचे जाहीर केले. अनेकांना तो धक्काच होता. हा सारा साठा 2009 पर्यंत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट करण्यात आला. आपल्या शब्दाला जागल्याबद्दल या बाबतीत आपल्या राज्यकर्त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. अमेरिकेचा शेवटचा साठा नष्ट होण्यास जुलै 2023 उजाडला.

या कराराने रसायनांची तीन अनुसूचींत विभागणी केली आहे. ती वाचताना आपले दैनंदिन जीवनच डोळ्यांपुढे येते. थायोडायग्लायकॉल शाईत व कापडाच्या रंगकामात वापरतात, परंतु त्यापासून कातडी जाळणारा मस्टर्ड वायूही होतो. ट्रायइथेनॉलअमाइन तोंडाला लावण्याच्या क्रीममध्ये असते, तरीही ते अनुसूचीत आहे. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर सोडण्यात आला. आज तो औषधे व प्लास्टिक यांच्या उद्योगात लागतो. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट बनविण्यासाठी हाच फॉस्जीन वापरला जाई. 1984 च्या डिसेंबरात त्या शहरावर काय ओढवले, ते सांगणे नको. तेथे युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, कोणी शस्त्र उगारले नव्हते.

अनुसूचित रसायने ठराविक प्रमाणाबाहेर बनविणाऱ्या कारखान्यांना त्याची माहिती सरकारला द्यावी लागते आणि हेगस्थित संघटनेचे निरीक्षक येऊन ती पडताळून पाहू शकतात. व्यवस्था चांगली आहे. तथापि कागदावर एक उत्पादन आणि रिअ‍ॅक्टरमध्ये दुसरे, असे घडू शकते काय? याचे उत्तर आपल्या दोन तालुक्यांनीच दिले आहे. रांजणगावच्या एका कारखान्यात मेफेड्रोन हा अमली पदार्थ तयार झाल्याचे 2020 मध्ये पोलीस तपासातून पुढे आले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एका कारखान्यावर छापा घातला, तेव्हा शेकडो किलो मेफेड्रोन हाती लागले. अमली पदार्थ म्हणजे सर्वसंहारक शस्त्र नव्हे, आणि त्यासाठी 1985 चा वेगळा कायदा आहे. पण रिअ‍ॅक्टरला आपण काय शिजवतो ते कळत नाही. एक पदार्थ शेजाऱ्यांच्या नकळत बनू शकतो, तर दुसराही बनू शकेल, ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. अशा कारखान्यात ड्रम उचलणाऱ्या कंत्राटी मजुराने बातमी द्यायची कोणाला, आणि दिल्यावर त्याची रोजी राखायची कोणी? 2005 च्या कायद्यात आम्हांस याचे उत्तर सापडले नाही.

2022 मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. शस्त्रांसाठी पैसा पुरविणे हाही आता गुन्हा आहे, व असा पैसा गोठविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. दुरुस्ती योग्यच होती. पैशाच्या वाटा बुजविल्याखेरीज मालाच्या वाटा बुजत नाहीत.

एका प्रश्नाला मात्र आम्ही बगल देऊ इच्छित नाही. 2005 च्या कायद्याच्या प्रास्ताविकात भारताचा उल्लेख ‘अण्वस्त्रधारी राष्ट्र’ असा आहे. म्हणजे हा कायदा प्रसार रोखतो, शस्त्र नाकारत नाही. अण्वस्त्रे बाळगणे हेही निषेधार्ह आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले व 2019 मध्ये हिरोशिमात त्याचा पुनरुच्चार केला. अण्वस्त्रबंदी करारावर अगदी आरंभी स्वाक्षरी व मान्यता देणाऱ्यांत व्हॅटिकन होते. भारत त्या करारात नाही. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या देशाची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही ‘आमच्या हाती ते सुरक्षित, तुमच्या हाती घातक’ या युक्तिवादावर नागरिक म्हणून आपण मान डोलावतो, तेव्हा श्रद्धावंत म्हणून आपले मन स्वस्थ राहते काय, हे ज्याचे त्याने तपासावे. आमचे राहत नाही.

दिल्लीतील धोरण बदलणे आपल्या हाती नसले, तरी गावात एक गोष्ट करता येते. ऑगस्ट 2019 मध्ये कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यास मोठी आग लागली, तेव्हा रात्री परिसरातील लोकांना घरे सोडावी लागली. काय जळत आहे, वारा कोणत्या दिशेने आहे, पळायचे कोठे, हे सांगणारे अशा वेळी कोणीतरी हवे असते. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा लोकांना धोक्याची व बचावाची माहिती आगाऊ मिळावयास हवी. 1996 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट व उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक गट नेमला आहे. त्या गटाची बैठक केव्हा झाली, तीत काय ठरले, हे प्रांत कार्यालयास लेखी विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आणि ज्यांचा माल परदेशी जातो, त्यांच्यासाठी ‘स्कोमेट’ यादी परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्या खात्याचे कार्यालय पुण्यातही आहे. यादी वेळोवेळी बदलते, तेव्हा गेल्या वर्षीची छापील प्रत पाहून माल रवाना करू नये.