परिचारिकेचे डोळे आणि हात

रुग्णाची तपासणी म्हणजे नळी आणि यंत्रे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक परिचारिकेची पहिली साधने तिचे डोळे व हात हीच होत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील ग्रंथात निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले, ते उगीच नव्हे.

प्रथम हात धुवावेत, ते गार असल्यास चोळून ऊन करावेत, आडोसा करावा आणि आपण काय करणार ते रुग्णास सांगावे. उजेड शक्यतो दिवसाचा असावा; पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते. गोऱ्या वर्णावरून लिहिलेली वर्णने सावळ्या त्वचेवर फसवितात. म्हणून फिकेपणा खालच्या पापणीच्या आत, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात आणि निळसरपणा जिभेवर व ओठांच्या आतल्या बाजूस पाहावा.

मग केस दुभंगून टाळू, कानामागील जागा व तोंड पाहावे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या, डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये. मानेतील गाठी बोटांच्या अग्रांनी हलकेच चाचपाव्यात. कठीण व जागची न हलणारी गाठ अवश्य कळवावी. मात्र मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच वेळी कधीही दाबू नयेत. मेंदूचा रक्तपुरवठा घटून रुग्णास मूर्च्छा येऊ शकते.

आता अंथरुणास टेकणाऱ्या जागा: डोक्याची मागील बाजू, माकडहाड, टाचा. लाल झालेल्या जागी बोट दाबून उचलावे. लाली क्षणभरही न मावळली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या अंगावर ही लाली दिसेलच असे नाही. तेथे हातच सांगतो. ती जागा भोवतालच्या त्वचेहून ऊन वा गार, कठीण वा पिलपिलीत लागते, किंवा रुग्ण तेथे दुखते म्हणतो. पूर्वी अशा जागी स्पिरिट लावून चोळीत असत. आता ते वर्ज्य आहे, कारण चोळण्याने आतील नाजूक भागास इजा होते. कूस बदलून दाब काढावा. याच वेळी काळजी घेतल्यास त्वचा सावरते. उशीर झाल्यास जखम महिनोन्‌महिने छळते.

वाचकहो, हे केवळ इस्पितळातील काम नव्हे. आपल्या घरी आजी किंवा आजोबा अंथरुणास खिळले असतील, तर आज त्यांचे अंग पुसताना त्यांच्या टाचा आपण पाहिल्यात काय?