सरडगुहिऱ्याचे दुखणे

अमेरिकेतील आमच्या नातीने सरडगुहिरा, ज्यास इंग्रजीत कॅमेलिऑन म्हणतात तो, पाळिला आहे हे ऐकून घरात प्रथम हशाच पिकला. तिचा प्राणी मूळचा येमेनकडील जातीचा, डोक्यावर उंच तुरा असणारा. परंतु परवा तिने कळविले की तो खाईनासा झाला आहे व दिवसभर पिंजऱ्याचा कोपरा उकरतो. तेव्हा आम्हांस हसू आले नाही.

१९७० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, रत्नागिरीच्या सड्यावरील काजूवरून आम्हीही असाच एक धरून आणिला होता. आजी म्हणाली, "अरे, तो नृगराजा आहे, सोड त्याला." भागवतातील ती कृकलासाची कथा आम्हांसही ठाऊक होती, पण ऐकतो कोण? जाळीच्या खोक्यात त्यास कोंडिले, टोळ घातले, वाटीभर पाणी ठेविले. त्याने वाटीस तोंड लाविले नाही. हा प्राणी पानांवरचे थेंब चाटतो, साठलेले पाणी त्यास बहुधा ओळखूच येत नाही, हे कोणास माहीत! डोळे खोल गेले, ते तहानेचे लक्षण. भर दुपारी ते मिटू लागले. आम्ही समजलो, झोप आली. वास्तविक दिवसा डोळे मिटणारा सरडगुहिरा आजारीच समजावा. अंग काळवंडले, तेव्हा तर आम्ही आळीतील पोरांस रंग पाहावयास बोलाविले. पोट फुगले, ते टोळ न पचल्याने असे ठरविले. तो जमीन उकरी, त्यास आम्ही पळण्याची खटपट म्हटले. नवव्या दिवशी तो फांदीखाली पडलेला आढळला. ती मादी होती, पोटात अंडी होती.

(आपल्याकडील सरडगुहिरा धरणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जखमी आढळल्यास वनखात्यास कळवावे. तोवर सावलीत, पानांच्या डहाळीवर ठेवून वरून पाणी शिंपडावे, तोंडात ओतू नये.)

नातीस आम्ही त्याच रात्री कळविले की, खोल कुंडीत ओलसर वाळूमाती भरून पिंजऱ्यात ठेव, वर आडोसा कर, डोकावू नकोस, आणि सकाळी पशुवैद्यास गाठ. नर जवळ नसतानाही या जातीच्या मादीस अंडी होतात व ती अडली तर जीव जातो. तोंड उघडे टाकून श्वास घेते काय, फांदीवरची पकड सुटते काय, हेही विचारिले. दोन्ही नव्हते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, "आजोबा, बेचाळीस अंडी! आता पानावरचे पाणी चाटते आहे."