दऱ्या, दर्या आणि बांधणीची व्यवस्था

मराठीच्या संगणकीय भवितव्याची चर्चा आपल्याकडे बहुधा फाँट आणि कळफलक यांपाशी येऊन थांबते. फार झाले तर युनिकोडचा उल्लेख होतो. मजकूर पडद्यावर उमटला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. आम्हांस ती अपुरी वाटते. मोबाइलवर मराठी शुद्ध उमटेल की नाही, हे पुष्कळदा एक पायरी मागे, ॲप जेथे बांधले जाते तेथेच ठरते. त्या पायरीकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनीही लक्ष द्यावे, असे आमचे मत आहे.

समजा, शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या बोलीचा कोश करून तो मोबाइलवर द्यावयाचे ठरविले. शब्द मिळविणे, अर्थ लावणे, उदाहरणे देणे हे विभागाच्या आवाक्यातले काम आहे. पुढचे तसे नाही. विभागातील संगणकात बहुधा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो, तर वाचकांच्या हातातील फोन जवळजवळ सर्वच एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतात. एकाची यंत्रभाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून एका जातीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रणाली तयार करावी लागते. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. कोणते भाग, कोणत्या क्रमाने, कोणत्या यंत्रासाठी जुळवायचे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड सिस्टिम.

हे तंत्रज्ञांचे काम, त्यात आमचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, हा भेद मराठी लिपीने जपला आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अंतर तर सर्वांना ठाऊक आहे. अक्षरांची ही जुळणी नुसता फाँट करीत नाही. हार्फबझसारखी लायब्ररी फाँटमधील नियम वाचून ती करते. पडद्यावर अक्षरे स्वतः रेखाटणाऱ्या ॲपच्या बांधणीत ही लायब्ररी गळली, तर ॲप चालते. जोडाक्षरे मात्र सुटी पडतात.

वर्णक्रमाची गोष्ट याहून बोलकी आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. निव्वळ क्रमांकांवर शब्द लावले तर ‘काळ’ हा ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांच्या आधी जाऊन बसतो. भाषानिहाय क्रमाचे नियम आयसीयू या लायब्ररीत असतात, आणि नवख्याची खरी परीक्षा तिच्या बांधणीतच होते. तिची माहितीसंचिका तयार करणारी हत्यारे बांधणाऱ्या संगणकावर चालावी लागतात. म्हणून ती लायब्ररी आधी संगणकासाठी आणि मग फोनसाठी, अशी दोनदा बांधावी लागते. काय येथे चालायचे आणि काय तेथे, हे बिल्ड सिस्टिमने ओळखले नाही तर फोनसाठी बांधलेले हत्यार संगणकावर चालविण्याचा प्रयत्न होतो आणि काम अडते. थकलेला विद्यार्थी तो भागच वगळतो. ॲप तयार होते, कोश बिघडतो, आणि तक्रार करण्याइतकी चूक कोणाच्या ध्यानात येत नाही.

२०१६ मध्ये आलेल्या सातव्या अँड्रॉइडपासून वर्णक्रमाची सोय प्रणालीतच आहे आणि साध्या कोशाला एखादे संकेतस्थळही पुरेल, हा आक्षेप आम्हांस अंशतः मान्य आहे. परंतु तोच कोश संगणकावर आणि फोनवर, जाळ्याशिवाय, एकाच क्रमाने दिसावयाचा असेल तर हे भाग स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय नियम स्थिर नाहीत. गूगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट बांधणी आवश्यक केली; १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ व पुढील आवृत्त्यांसाठीच्या नव्या ॲपांना व सुधारणांना १६ केबीच्या स्मृतिपृष्ठांचा आधार अनिवार्य झाला. बांधणीची कृती लिहून न ठेवता विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला, की कोश तेथेच गोठतो.

मराठीला हा अनुभव नवा नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपुरास; ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये निघाली ती तंजावरास. मराठीची छपाई मराठी मुलखाबाहेर होत होती. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, पुढे जावजी दादाजींनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर उभा राहिला. खिळे ओतण्याची विद्या येथे रुजली, तेव्हा अक्षराच्या वळणाबद्दल आपले मत चालू लागले.

आज ही विद्या गुप्त नाही. सीमेक आणि मेसन या बिल्ड सिस्टिममध्ये लक्ष्य-यंत्राचे वर्णन वेगळ्या फाइलीत लिहिण्याची सोय आहे. क्लँग हा कंपायलर मुळातच अनेक यंत्रांसाठी काम करतो. उणीव आहे ती जोडणीची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला दिशा बदलण्यासाठी काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड लाइन झाल्यावर त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्यांची ही यातायात संपली. लायब्ररींच्या बांधणी-फाइलींत ‘येथले’ आणि ‘तेथले’ हा भेद एकदा नीट लिहिला, तर पुढच्या प्रत्येकाचा खोळंबा तसाच वाचेल.

त्या कामात मराठी विभागाचा वाटाही आहे. बांधणीनंतर फोनवर तपासावयाच्या शब्दांची यादी भाषेच्या जाणकाराने केली पाहिजे: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘काळ’ आणि ‘कावळा’, अशी शे-दोनशे उदाहरणे, अपेक्षित रूपासह. ही यादी बिल्ड सिस्टिममध्येच बसवावी. एक शब्द चुकला तरी बांधणी नापास व्हावी. सोबत मराठीत लिहिलेली कृती असावी. मुद्रितशोधन हे साहित्यव्यवहाराचे अंग आहे, हे आपण पूर्वीच मान्य केले आहे. येथे मुद्रिताचा कागद तेवढा बदलला आहे. महाविद्यालयातील मराठी आणि संगणक या दोन विभागांनी एकत्र बसून करावा, असा हा एका सत्राचा प्रकल्प आहे.