इंग्रजांनी अर्धीच 'लूट' नेली

केळीचे भाव पडले की आमच्या भागातल्या बातमीचा मथळा ठरलेला: 'केळी उत्पादकांची लूट'. इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली, आणि इसापूर धरणाच्या पाण्यावर घरची थोडी केळीची बागही आहे. त्यामुळे या शब्दाशी माझं भांडण दुहेरी आहे.

इंग्रजीतला 'लूट' हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो नाम म्हणून इंग्रजीत शिरला, क्रियापद झाला पुढच्या शतकात. १८६० साली इंग्रज-फ्रेंच पलटणींनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा धुऊन नेला, तोवर शब्द शिपायांच्या तोंडी पक्का बसला होता. २०११ मध्ये लंडनच्या दंगलीत दुकानं फुटली, तेव्हाही बातम्यांत हाच.

पण साहेबाला तो भेटला छावणीत. आपल्याकडे दसऱ्याला सोनं लुटतात, संक्रांतीला बायका वाण लुटतात. माझी आई सुगडात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी घालून गल्लीभर वाण लुटायची. तिच्या लेखी लुटणं म्हणजे हात सैल सोडून देणं. ही अर्धी बाजू इंग्रजीत पोचलीच नाही. आता आपल्याही मथळ्यांत ती उरलेली नाही.

उरलेल्या अर्ध्याचंही आपण भजं केलंय. लूट म्हटलं की डोळ्यांपुढे पेंढारी येतो. बागेत येणारा व्यापारी घोड्यावर येत नाही. तो बांधावर चहा घेतो, घड तोलतो, दांड्यापोटी वजन कापतो, हलका माल बाजूला काढतो आणि पट्टी हातात देतो. वावगं काही झालंच असेल तर ते त्या पट्टीत, कपातीच्या ओळीत. 'लूट' ओरडून राग निवतो, आकडा तसाच राहतो. आणि खरा व्यवहार करणारा व्यापारीही त्याच शिवीत भरडला जातो, हे वेगळंच.

२०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकऱ्याकडून अडत घेणंही बंद केलं. चांगलं झालं. पण बांधावरच्या काट्याजवळ उभं कोण राहणार? निदान पेपरवाल्यांनी केळीच्या भावाशेजारी आणखी एक रकाना छापावा: क्विंटलमागे कपात किती किलो.