उमेद टिकते कशाने?

गेल्या महिन्याच्या टपालातील एक पत्र अद्याप माझ्या मेजावरच आहे. मध्य प्रदेशातील एका लहान गावाहून एका भगिनीने ते पाठविले आहे. माहेर वऱ्हाडातले, सासर तिकडचे. दीड वर्षापूर्वी त्यांनी घरच्या घरी मसाले कुटून विकण्याचा उद्योग आरंभिला. पहिले काही महिने पहाटे उठून मिरच्या निवडताना ओठांवर गाणे येत असे. आता त्याच मिरच्यांकडे पाहून डोळ्यांत पाणी येते, आणि ते मिरचीच्या झणक्यानेच येते असेही म्हणवत नाही, असे त्या लिहितात. उद्योगी पुरुषांची चरित्रे वाचली म्हणजे एक दिवस अंगात बळ संचारते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मरगळ. ‘मी उद्योगाला नालायक आहे काय, एवढे कळवावे’ असा पत्राचा शेवट आहे.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची शंकाच आहे. माझे वेतन महिनाअखेरीस हाती पडते, आणि माझा व्यवसाय म्हणजे इतर भाषांतील लेख मराठीत उतरविण्याचा. अशा लेखांतून ‘उद्योजकांसाठी प्रेरणेची सूत्रे’ वर्षातून दोनतीनदा तरी माझ्या हाताखालून जातात. पहाटे उठा, ध्येय डोळ्यांसमोर ठेवा, अपयशाला भिऊ नका. भाषांतर करताना त्यांत कोठे अडखळावे लागत नाही, आणि मला वाटते, हेच त्यांचे न्यून आहे. खरी हकीगत अडखळत असते.

बालपणी मिरजेहून पुण्यास जाताना आगगाडी किर्लोस्करवाडीच्या स्थानकावर थांबली की वडील खिडकीबाहेर बोट दाखवीत आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा सांगत. लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यात दृष्टीचा दोष निघाला आणि चित्रकाराचे स्वप्न तेथेच संपले. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावास आले आणि बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालवू लागले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर.

वडिलांच्या कथेत नांगरानंतर लगेच कारखाना उभा राही. वस्तुतः मधली दोन वर्षे त्यांच्या कथेतून गळलेली असत. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. मला आता कुतूहल आहे ते या दोन वर्षांचे. त्या काळात लक्ष्मणरावांना रोज सकाळी स्फूर्ती येत असे की नाही, हे कोणी सांगावे? सांगता येते ते एवढेच की कडबा कापण्याचे यंत्र शेतकरी घेत होता. त्यात त्याला विषाची भीती नव्हती. म्हणजे नांगर पडून राहिला तरी कामगारांचा हात आणि घरची चूल चालू होती. ज्या वस्तूवर मन जडले आहे, तिच्यावरच सारे पोट टांगून ठेवावे लागले नाही. पुढे बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि 1910 मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर वसाहत उभी राहिली. (आमच्या पिढीच्या कित्येक घरांत ‘किर्लोस्कर’ हे नाव प्रथम आले ते मासिकाच्या रूपाने, त्या मासिकाचा जन्म 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने कारखान्याचीच वार्ता देण्यासाठी झाला होता. पण हे विषयांतर झाले.)

लक्ष्मणरावांच्या चिकाटीचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी चित्रकला सोडून दिली. कुंचल्यासाठी ते हटून बसले नाहीत. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, हा निर्णय उत्साहाच्या भरात करता येत नाही, आणि खिन्नतेच्या भरात तर मुळीच येत नाही.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचेही उदाहरण याच जातीचे. 1892 मध्ये कलकत्त्यात केवळ सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी औषधी रसायनांचा उद्योग आरंभिला, आणि 1901 मध्ये त्याची ‘बेंगॉल केमिकल’ ही मर्यादित कंपनी झाली. पण या सर्व काळात प्रेसिडेन्सी कॉलेजातील अध्यापकाची नोकरी त्यांनी सोडली नाही. दोर कापून गड चढावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दोर राखूनही गड चढता येतो.

पत्रलेखिकेच्या अधिक जवळची हकीगत मात्र मुंबईतील गिरगावची आहे. 15 मार्च 1959 रोजी तेथील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया पापड लाटण्यास बसल्या. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेले ऐंशी रुपयांचे कर्ज हे त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशीचा माल चार पाकिटे. भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने तो घेतला. पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचलेल्या उद्योगाचा हा आरंभ. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री प्राप्त झाली.

त्या सात जणींनी आरंभीच जे ठरविले, ते मला विशेष वाटते. कितीही तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, हा पहिला निर्बंध. त्या काळी स्त्रियांच्या उद्योगास देणगी मिळणे कठीण नव्हते. कठीण होते ते नाकारणे. परंतु ज्या दिवशी देणगी येते त्या दिवसापासून आपण व्यापारी की आश्रित, हा प्रश्न मनात शिरतो, आणि त्याने जितकी उमेद खचते तितकी तोट्यानेही खचत नसावी. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, हलका माल स्वस्तात विकता यावा म्हणून. छगनबापांनी सांगितले की एकच प्रत ठेवा, आणि त्यात कधी उणे पडू देऊ नका. यातही मनाची सोय आहे. दोन प्रती असल्या की रोज लाटताना ‘हा चालेल का?’ असा वाद स्वतःशीच होतो. एक प्रत असली की वाद मिटतो आणि हात चालू राहतो.

तसेच मजुरीचे. सकाळी भिजविलेले पीठ न्यावयाचे, घरी पापड लाटावयाचे, तयार माल आणून द्यावयाचा, तो तपासला जावयाचा आणि लाटणावळ हाती पडावयाची. आजच्या श्रमाचे फळ वर्षाअखेरच्या नफ्यात दिसेल असे सांगून कोणाचेही मनगट फार दिवस टिकत नाही. लाटणाऱ्या स्वतःच उद्योगाच्या मालक असून नफ्याप्रमाणे तोट्यातही वाटेकरी असतात.

आणि तरीही पहिल्याच वर्षी पावसाळ्याने त्यांना गाठले. वाळवणच अशक्य झाल्याने काम चार महिने बंद पडले. आपल्या लेखांतील सूत्रांप्रमाणे त्यांनी या वेळी मन खंबीर करावयास हवे होते. त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटविला, आणि पाऊस बाहेर पडत राहिला. पहिल्या वर्षाची एकूण विक्री 6,196 रुपये होती.

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगण्यास दादाची अनुमती आहे. माझा थोरला भाऊ लेथवर पंपांचे सुटे भाग करून देतो. त्याचा पहिला कारखाना दोन वर्षांत बंद पडला. काम उत्तम होते; पण तीन चतुर्थांश काम एकाच गिऱ्हाइकाचे, आणि ते गिऱ्हाईक पैसे देण्यास सहा-सहा महिने लावी. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम त्यात गेली. त्या दिवसांत वहिनी म्हणत, ‘ह्यांचा उत्साहच गेलाय.’ आम्ही सारे तेच म्हणत होतो, आणि त्याला स्फूर्तिदायक पुस्तके आणून देत होतो. त्यांपैकी दोन मीच दिली होती. आज मला त्याची लाज वाटते. त्याचा उत्साह गेला नव्हता. त्याची वसुली झाली नव्हती.

दुसऱ्यांदा त्याने भाड्याच्या गाळ्यात जुना लेथ बसविला, तेव्हा कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस खडूने काही नियम लिहून ठेवले. पहाटे चारला उठून चिंतन करावयाचे, हा त्यांतला पहिला. तो अकरा दिवस टिकला आणि पुसला गेला. उरले ते तीन. रोजकीर्द त्याच रात्री, जेवणापूर्वी लिहावयाची, मग जमेत शून्य का असेना. कोणत्याही एका गिऱ्हाइकाचे काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घ्यावयाचे नाही. आणि तिसरा, जो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: कारखाना बंद करण्याचा विचार रात्री करावयाचा नाही; करावयाचाच झाल्यास सोमवारी सकाळी, वही समोर ठेवून.

‘रात्रीच का नको?’ असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, ‘अगं, रात्री प्रत्येक धंदा बुडालेलाच असतो.’

पत्रलेखिका भगिनींस आता माझी एक विनंती आहे. आपण सहा पृष्ठांच्या पत्रात मनाच्या अवस्थेविषयी पाच पृष्ठे लिहिली आहेत. सहाव्या पृष्ठाच्या तळाशी, जाता जाता, एक वाक्य आहे: तालुक्याच्या दोन दुकानदारांकडे दिवाळीपासूनचे पैसे अडकले आहेत, आणि बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्यास भरावा लागतो. माझी समजूत अशी की आपल्या मरगळीचा बराचसा भाग रुपयांत मोजता येईल. तो कृपा करून मोजावा. एका कागदावर दुकानदाराचे नाव, माल दिल्याची तारीख आणि रक्कम एवढेच लिहावे. आपण उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी केली आहे किंवा कसे, ते पत्रावरून कळत नाही. केली नसल्यास ती विनाशुल्क होते. सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजेत, असे 2006 चा कायदा सांगतो. करार नसल्यास मुदत त्याहूनही कमी. विलंब झाल्यास व्याज मागण्याचा हक्क आहे, आणि तक्रारीसाठी राज्यात परिषद आहे. गावातल्या दुकानदाराशी कायद्याच्या भाषेत बोलणे सुनेला सोपे नसते, हे मी जाणते. परंतु कायदा ठाऊक असलेल्या बाईचा मागण्याचा स्वर थोडा निराळा होतो, आणि दुकानदारांचे कान त्या बाबतीत फार तिखट असतात.

पुढील माल रोखीने किंवा अर्धा बयाणा घेऊनच द्यावा. विक्री काही दिवस घटेल. त्याची तयारी ठेवावी. मसाल्यांपैकी कोणता एक मागणी नसतानाही विकला जातो, ते पाहून तो आधी कुटावा. आवडीचा मसाला त्यानंतर. एवढे करून दोन महिन्यांनीही मिरची पाहून रडूच आले, तर हा उद्योग सोडण्याचा विचार अवश्य करावा, आणि त्यात नालायकीचा प्रश्न कोठेही आणू नये.

दादाचा तो सोमवार आजवर तीनदा आला. मी एकदा प्रत्यक्ष तेथे होते. वही मेजावर उघडी, चहा गार झालेला, आणि वहिनी दाराशी उभ्या. दोन वेळा त्याने वही मिटली आणि गाळ्याचे शटर वर केले. तिसऱ्या वेळी, मध्यंतरी घेतलेला दुसरा लेथ त्याने विकून टाकला आणि पहिला ठेवला. त्या दिवशीही रोजकीर्द रात्री जेवणापूर्वी लिहिली गेली. लेथच्या विक्रीची रक्कम जमेच्या बाजूस मांडली होती.