कोटेशनची वही आणि गडबची उघाडी

तुमच्या ऑफिसातही असा एक जण असेलच. लंच टाइमला एका हाताने डबा खाणारा आणि दुसऱ्या हाताने करंट अफेअर्सच्या मासिकाची पानं उलटणारा. पार्टीला नाही, पिक्चरला नाही, आणि प्रिलिम्स जवळ आली की हमखास 'व्हायरल' होऊन रजेवर जाणारा. आमच्या ग्रुपमधला हा प्राणी गडबचा. पेण सोडलं, वडखळ नाक्यावर वडापाव हाणला आणि गोव्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात गडब येतं. (नावावरून 'गडबड' वगैरे जोक करू नका. शाळेपासून ऐकतोय तो.)

गेल्या खेपेला साहेब मेन्सपर्यंत पोचले, पण पुढची यादी लागली त्यात नाव नाही. मार्क हातात आले तेव्हा कळलं, बाकी सगळं ठीकठाक, निबंधात मात्र 250 पैकी 96! आता एकच अटेम्प्ट उरलाय. म्हणून मागच्या शनिवारी त्याने फोन केला, ''गावी येतोस? माझे निबंध वाच. तू लिहिण्याचेच पैसे घेतोस ना?'' टोमणा गिळून गेलो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूपीएससीच्या मेन्समध्ये निबंधाचा स्वतंत्र पेपर 1993मध्ये आला. आता त्याला 250 मार्क आहेत, म्हणजे लेखी परीक्षेच्या 1750मधला सातवा हिस्सा. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. मराठीतूनही लिहिता येतात. एमपीएससीनेही राज्यसेवेची मेन्स 2025पासून वर्णनात्मक केल्यामुळे गोल काळे करून सुटण्याचे दिवस तिथेही संपले.

तर माडीवर बसून मी त्याचे सहा निबंध वाचले. सुरुवातीला गांधीजी किंवा टागोर, मध्ये विवेकानंद, एखादा ग्रीक तत्त्वज्ञ आणि शेवटी उद्याचा बलशाली भारत. त्याच्याकडे कोटेशनची खास वही आहे, चार रंगांच्या पेनांनी लिहिलेली. मी म्हटलं, ''बॉस, हे सहा निबंध आहेत की एकच निबंध सहा वेळा?'' तो भडकला. ''क्लासमध्ये हेच सांगतात. टॉपर असंच लिहितात.'' मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प. खालून काकूंनी चहासाठी हाक मारली म्हणून वाचलो.

चहा झाल्यावर त्याचे बाबा म्हणाले, ''चला, जरा फिरून येऊ.'' काका आम्हाला खाडीच्या बाजूला त्यांच्या शेतावर घेऊन गेले. हा सगळा खारेपाट. खाडीला बांध घालून भातासाठी जमीन काढलेली. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडतं, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला बंद होतं, खारं पाणी बाहेरच राहतं. सिंपल! पण बांधाला खांड गेली की खारं पाणी आत येतं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन नेत नाहीत तोवर भात विसरा. काका सांगत होते, पूर्वी गाव एकत्र येऊन बांध सांभाळायचं, त्याला जोळ म्हणायचे. मग सरकारने खारभूमीचे कायदे केले, 1948 आणि 1979मध्ये. बांध सरकारी झाले, तशी डागडुजीही सरकारी वेगाने व्हायला लागली. पाणी आलेल्या जमिनीत कांदळवन उगवलं आणि कांदळवन तोडायला 2005मध्ये हायकोर्टाने बंदी घातली. निसर्गासाठी ते बरोबरच. पण सातबारा काकांचा आणि झाडं मात्र तोडायची नाहीत, मग बरोबर कोण?

मी मित्राकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

2017च्या पेपरात एक विषय होता, शेती आता बहुतेक शेतकऱ्यांचं पोट भरू शकत नाही, अशा आशयाचा. त्यावर याने घरी सराव म्हणून काय लिहिलं होतं? हरितक्रांती, स्वामिनाथन आयोग आणि एक इंग्रजी कोटेशन. उघाडीचा 'उ' नाही. वर म्हणतो, ''गावचं लिहिलं तर गावठी वाटेल रे.'' हे मात्र मला झेपलं नाही. याच पट्ट्यातल्या रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1918मध्ये लंडनमध्ये आयसीएसला पहिले आले, तेव्हा ती परीक्षा द्यायला बोटीने जावं लागायचं. पुढे 1943मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रोह्यातून येऊन त्यांचं काही अडलं नाही.

अर्थात नुसतं 'माझं गाव' लिहूनही भागणार नाही, तो शाळेतला निबंध होईल. तपासणाऱ्याला गडब कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला तुमचा मुद्दा हवा असतो. पण जोळ म्हटलं की हॉलंड आठवायला हवं. तिथे तेराव्या शतकापासून बांध सांभाळायला शेतकऱ्यांच्या पाणी-संस्था आहेत आणि त्या आजही चालतात. लोकशाहीवर विषय आला तर याच पेण तालुक्यातल्या 22 गावांनी सप्टेंबर 2008मध्ये एसईझेडला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याला सगळं आठवतं, फक्त वहीत नाही.

रात्री जेवण झाल्यावर त्याने घड्याळ लावलं आणि तोच 2017चा विषय पुन्हा घेतला. पहिली वीस मिनिटं पेन चावण्यात गेली. मग जो सुटला तो थेट नव्वद मिनिटांनीच थांबला. कोटेशन एकच, तेही मधे कुठेतरी. निबंध परफेक्ट नव्हता. कांदळवनाचा परिच्छेद फारच एकतर्फी झाला होता, तो आम्ही भांडून बदलला. मार्क किती पडतील? मी परीक्षक नाही.

काका अजून जागेच होते. म्हणाले, ''वाच बघू.'' त्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला काकांनी हात वर केला.

''बांध नाय रं, बाहेरकाठा म्हणतात त्याला. नीट लिही.''

त्याने खोडून लिहिलं.