व्यवस्थापनाला मराठी चालत नाही? : एका समजुतीची उलटतपासणी

दरवर्षी मे-जून उजाडला की आमच्या कचेरीत प्रतिज्ञापत्रांसाठी गर्दी होते. रहिवास, उत्पन्न, शिक्षणातला खंड, नावातील चूक, अशा एक ना अनेक कारणांनी पालक आणि विद्यार्थी बाकावर येऊन बसतात. यंदा खानापूर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, शालेय शिक्षण मराठीतून, पुढे एम.बी.ए. करण्याची इच्छा. सही करता करता वडील सहज म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला सांगून टाकलंय, आता मराठी पुरे. मॅनेजमेंटला मराठी चालत नाही." मुलाने मान खाली घातली. मराठीत शिकलो हा जणू आपल्यावरचा आरोप आहे आणि तो आपल्याला कबूल आहे, अशी ती मान होती.

हे वाक्य आम्ही नवे ऐकत नाही. मराठीसाठी व्यासपीठावर घसा कोरडा करणाऱ्यांच्या घरातही ते बोलले जाते. 1 नोव्हेंबरला काळे झेंडे घेऊन निघणारे आमचेच बांधव 2 नोव्हेंबरला ते बोलतात. म्हणून आज या वाक्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घेण्याचे आम्ही ठरविले आहे.

पहिला प्रश्न : व्यवस्थापन ही गोष्ट मराठीला परकी आहे काय? ज्या भाषेत घर सांभाळणारीला 'कारभारीण' म्हणतात, त्या भाषेला कारभार शिकवायला कोणी बाहेरून यावे लागत नाही. कीर्द, खतावणी, जमाखर्च, ताळेबंद, भागभांडवल, वसुली, घट-तूट हे शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडविलेले नाहीत. ते पेढीवर आणि दप्तरात घासून गुळगुळीत झालेले आहेत. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस ही आज आपण आडनावे म्हणून मिरवतो; मुळात ती पदे होती आणि प्रत्येक पदाची जबाबदारी ठरलेली होती. मराठी राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल म्हणजे आजच्या भाषेत खातेनिहाय विभागणीच. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्यकारभारातील फारसी शब्दांना पर्याय असावेत म्हणून. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1908 साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली आणि 1931 साली त्यांच्याच राज्यात 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा अनेक भाषांतील प्रशासकीय शब्दांचा कोश सिद्ध झाला. त्यात मराठीला मानाची जागा होती. कारभार आणि भाषा यांची सांगड राज्यकर्त्याने घालायची असते, हे त्या राजाला कळत होते.

दुसरा प्रश्न : हे राजेरजवाड्यांचे झाले, उद्योगाचे काय? उत्तर शोधायला आम्हां बेळगावकरांना दूर जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. त्यांनी सायकलींचे दुकान घातले ते बेळगावात. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची सुरुवातही इथलीच. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते असे शेतकरी मानत होता, तेव्हा तो नांगर खपवायचा तर शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे भाग होते. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याची खबर देणारे ते पत्रक पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. माल, कामगार, गिऱ्हाईक आणि भाषा यांचा इतका उत्तम मेळ घालणाऱ्या माणसाकडे व्यवस्थापनाची पदवी नव्हती, मराठी मात्र होती. आणि ही सारी हकीकत आमच्या गावात सुरू झालेली असताना आमच्याच मुलांना ती ठाऊक नाही, ही आमची कमाई.

तिसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो आम्हांस सर्वांत बोचतो. मराठी 'चालत नाही' हा निसर्गनियम आहे, की कोणी घेतलेला निर्णय? देशाचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक निवडणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उमेदवार आपली उत्तरे मराठीत लिहू शकतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, इंग्रजीची एक प्रश्नपत्रिका पात्रतेपुरती द्यावी लागते. परंतु ज्ञानाची कसोटी मराठीतून होऊ शकते. वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकीची जेईई मेन या परीक्षा आज मराठीसह 13 भाषांत होतात. मात्र भारतीय व्यवस्थापन संस्थांची कॅट ही परीक्षा केवळ इंग्रजीत होते. तिच्या तीन भागांपैकी एक तर इंग्रजी आकलनाचाच आहे. उरलेले दोन आकडेमोडीचे आणि तर्काचे, पण त्यांतील गणितही इंग्रजीतच वाचावे लागते. म्हणजे मराठीत उत्तरे लिहून एखादा तरुण संपूर्ण जिल्ह्याचा कारभार हाती घेऊ शकतो, पण साबणाच्या कारखान्याचा विक्री व्यवस्थापक होण्याच्या शिक्षणाला मात्र तो त्या भाषेतून पात्र ठरू शकत नाही. यामागचा तर्क आम्हांस कोणी समजावून सांगावा.

इंदूरचे उदाहरण घ्या. होळकरांच्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. 1996 साली तिथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. नागपुरात 2015 साली झाली. मुंबईतील जुन्या संस्थेला 2023 साली तोच दर्जा मिळाला. मराठी माणसाच्या अंगणात संस्था आल्या. त्यांच्या दारावरची भाषा मात्र तीच राहिली. आणि जिथे मराठीला दार उघडले तिथेही सीमा आडवी आली. नीटची मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर बेळगावच्या मुलीला महाराष्ट्रातले केंद्र मागावे लागते. भाषा आमच्या घरात आहे. प्रश्नपत्रिका मात्र घाटापलीकडे!

इथवर दोष इतरांचा झाला. आता स्वतःकडे वळतो, कारण एकतर्फी साक्ष कोणतेही न्यायालय ग्राह्य धरीत नाही.

काही वर्षांपूर्वी उद्यमबागेतील एका फौंड्रीचा वाद आमच्याकडे आला. वडिलांनी मोल्डर म्हणून सुरुवात करून कारखाना उभारलेला. मुलगा एम.बी.ए. होऊन परतला. हुशार, कष्टाळू, हेतूही चांगला. त्याने पाळ्यांची नवी रचना केली आणि तिची सूचना फलकावर इंग्रजीत लावली. कामगार सारे मराठी आणि कन्नड. सूचनेचा अर्थ ज्याला जसा लागला तसा त्याने लावला. ओव्हरटाइम बंद झाला अशी बोंब उठली. भट्टी थंड पडली. कागद आमच्या हाती आले तेव्हा आम्ही ती सूचना वाचली. तिच्यात कामगारांच्या अहिताचे एक अक्षरही नव्हते! पुढे वडिलांनी तीच सूचना भट्टीजवळ उभे राहून आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये समजावली आणि वाद तिथेच मिटला. आमचे शुल्क बुडाले, त्याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. दुःख याचे, की दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून त्या मुलाला जे शिकविले गेले, त्यात आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलणे हा विषयच नव्हता. आणि ते त्याला मुळात येत होते, पण ते 'व्यवस्थापन' नव्हे अशी त्याची समजूत करून दिली गेली होती.

ही समजूत कोणी करून दिली? आम्हीच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले की, प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे माध्यम शासनाला सक्तीने लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. अधिकार हाती आला आणि आम्ही इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे राहिलो. संविधानाच्या 30व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालविण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या किती संस्थांनी त्याचा उपयोग व्यावसायिक मराठी शिकविण्यासाठी केला? 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या पेढ्यांचे बिल मात्र इंग्रजीत होते, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, वकीलसाहेब स्वतः इंग्रजीत निकालपत्रे वाचतात आणि दुसऱ्याच्या मुलाला मराठीत अडकवून ठेवतात. आक्षेप रास्त आहे, त्यामुळे उत्तर स्पष्ट देतो. आम्ही इंग्रजीचे वैरी नाही. ज्याला व्यवस्थापनात जायचे आहे त्याने इंग्रजी उत्तम शिकावी. आजच्या बाजारात तिच्यावाचून चालणार नाही. सीमाभागातील तरुणाने कन्नडही उत्तम शिकावी. आमचे भांडण सक्तीशी आहे, भाषेशी नव्हे. मराठीत व्यवस्थापनाची चांगली पुस्तके थोडी आहेत आणि अनेक भाषांतरे वाचवत नाहीत, हेही आम्ही मान्य करतो. परंतु यातून 'मराठी सोडा' हा निष्कर्ष कसा निघतो? दुसरी भाषा शिकणे म्हणजे मिळकतीत भर घालणे; पहिली सोडणे म्हणजे वडिलोपार्जित वाट्याचे हक्कसोडपत्र करून देणे. कोणत्याही अशिलाला आम्ही मोबदल्याशिवाय हक्कसोडपत्र करू देत नाही.

शिवाय बाजारपेठेकडे डोळे उघडून पाहा. बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. माल एकीकडे कोल्हापूरला, दुसरीकडे हुबळीला जातो. या पट्ट्यात विक्री, वितरण, वसुली किंवा बँकेची शाखा सांभाळणाऱ्याला एका दिवसात मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषांशी गाठ पडते. आमचा मुलगा यांपैकी तीन-चार गल्लीत खेळतानाच शिकलेला असतो. मोठ्या शहरातील पदवीधराकडे जे नाही ते त्याच्याकडे जन्मतः आहे. आणि आपण त्याला सांगतो, हे लपव!

म्हणून आमच्या मागण्या दोन आणि विनंत्या दोन. पहिली मागणी : व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतील गणित व तर्क हे भाग आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध व्हावेत, इंग्रजीची परीक्षा हवी तर पात्रतेपुरती ठेवावी. दुसरी : राष्ट्रीय परीक्षांची मराठी प्रश्नपत्रिका केवळ महाराष्ट्रातील केंद्रांपुरती न ठेवता बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथेही मिळावी. पहिली विनंती आमच्या संस्थाचालकांना : वाणिज्य शाखेच्या मुलांना मराठीत ठराव, इतिवृत्त, सूचना, मागणीपत्र आणि ताळेबंदावरील टिपण लिहिण्याचा सराव द्यावा, यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरी मराठी पतसंस्था आणि उद्योजकांना : मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला चार प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरांना गुण द्यावेत. ज्या भाषेला गुण नाहीत ती भाषा मुले शिकत नाहीत. यात मुलांचा दोष नाही.

खानापूरच्या त्या मुलाला आम्ही निघताना विचारले, "घरच्या काजूचा हिशेब कोण ठेवतो?" तो म्हणाला, "मीच ठेवतो, साहेब. बारावीपासून." वही पाहिली. जमा, खर्च, उधारी, मजुरी, पावसाने झालेली तूट, सारे तारीखवार, स्वच्छ मराठीत. वडिलांना ती दाखवून आम्ही एवढेच म्हटले, "हा पोरगा मॅनेजमेंटला केव्हाच लागलाय. आता त्याला इंग्रजी शिकवा, पण ही वही बंद करायला लावू नका."